मीठ, बर्फ आणि कुल्फीवाल्याचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या ओळखीचा एक तरुण हातगाडीवर मटका कुल्फी विकतो. धंदा वडिलांचा. वडील आजारी पडले आणि सगळा भार मुलावर आला. त्यातच एका वलीम्याची ऑर्डर मिळाली. तीनशे नग, रात्री नऊ वाजता मांडवात पोहोचवायचे. मुलाने दूध चांगले आटवले, मेवा घातला, मालात कसूर ठेवली नाही. पण मांडवात साचे उघडले तेव्हा प्रत्येक कुल्फीचे टोक दगडासारखे घट्ट आणि वरचा भाग पातळ निघाला. चार-पाच साच्यांतील कुल्फी तर चक्क खारट लागली. यजमानांनी निम्मे पैसे हातावर ठेवले. त्या दिवसाची कमाई तर गेलीच, पण बाजारातील नावालाही धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी तो याच धंद्यात केस पांढरे झालेल्या एका उस्तादांकडे गेला. उस्तादांनी रागावणे-बोलणे काही केले नाही. एवढेच विचारले, "बेटा, मिश्रण भरले तेव्हा ते किती गरम होते? बर्फ किती घेतलास? आणि मीठ कुठे टाकलेस?"

मुलगा म्हणाला, "चाचा, वेळ कमी होता. चुलीवरून उतरवले आणि भरले. बर्फ नेहमीच्या अंदाजाने घेतला. मीठ सगळे आधी मटक्याच्या तळाला ओतले, वर बर्फ रचला."

"मग कुल्फी जमणार कशी?" उस्ताद म्हणाले.

या तीन प्रश्नांतच या धंद्याचे सारे शास्त्र आहे. आमच्या अनेक बांधवांचे पोट बर्फावर चालते. कुल्फीवाले आहेत, पॉटचे आइस्क्रीम करणारे आहेत, आइस कँडीचे छोटे कारखानदार आहेत, बंदरावरचे मासळीचे व्यापारी आहेत आणि बर्फ कारखान्यातील कामगारही आहेत. बर्फावर मीठ टाकतात हे यांतील प्रत्येकाला ठाऊक असते. का टाकतात आणि किती टाकावे, हे मात्र बहुतेक जण अंदाजावर सोडून देतात. हवा, भाव आणि माल नेहमीचा असतो तोवर अंदाज चालतो. मोठी ऑर्डर आली की तोच अंदाज दगा देतो.

मीठ थंड असते काय?

पहिला गैरसमज दूर करू. मीठ थंड नसते. गोणीतील मिठाला हात लावून पाहा, ते हवेइतकेच गरम असते. मग बर्फावर पडताच एवढी थंडी येते कुठून?

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते आणि बर्फही शून्य अंशालाच वितळू लागतो. या तापमानाला बर्फाच्या पृष्ठभागावर दोन कामे एकाच वेळी चालू असतात. बर्फातील काही कण सुटून पाण्यात जातात आणि पाण्यातील काही कण बर्फाला येऊन चिकटतात. बाजाराच्या दारातून जितकी माणसे आत येतात तितकीच बाहेर जात असतील, तर आतली गर्दी तेवढीच राहते. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी यांचे असेच चाललेले असते.

आता त्या पाण्यात मीठ विरघळले. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नाही, ते बाहेर पाण्यातच राहते. पाण्याच्या कणांमध्ये मिठाचे कण मिसळले की बर्फापाशी येऊन चिकटणाऱ्या पाण्याच्या कणांची संख्या घटते. बर्फातून सुटणाऱ्यांची संख्या मात्र तीच राहते. येणारे कमी आणि जाणारे तेवढेच, म्हणून बर्फ वितळू लागतो.

वितळायचे तर उष्णता हवी. एक किलो बर्फाचे पाणी व्हायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ही उष्णता बर्फ जवळून खेचतो. आधी आजूबाजूच्या खाऱ्या पाण्यातून, मग साच्याच्या पत्र्यातून आणि पत्र्यामागच्या दुधातून. त्यामुळे सगळेच थंड होत जाते आणि तापमान शून्याच्या खाली उतरते. जिथे येणारे आणि जाणारे कण पुन्हा सारखे होतात तिथे ते थांबते. मीठ जितके जास्त, तितके ते खाली जाऊन थांबते.

म्हणजे थंडीचे भांडवल बर्फाचे असते. मीठ ते भांडवल लवकर खर्च करायला लावते आणि शून्याच्या खाली नेऊन खर्च करायला लावते. मीठ स्वतः विरघळताना थोडी उष्णता घेते खरी, पण किलोमागे फक्त १६ किलोकॅलरीच्या आसपास. चार किलो बर्फ आणि एक किलो मीठ घेतले तर बर्फाचे काम ३२० आणि मिठाचे १६. बर्फ वाचवण्यासाठी नुसते मीठ वाढवणारा कारागीर कुठे चुकतो, ते यावरून कळेल.

साध्या बर्फात कुल्फी का जमत नाही

गोठणे लांबवण्याचा हा गुण एकट्या मिठाचा नाही. पाण्यात विरघळणारा कोणताही पदार्थ हेच करतो. इथे महत्त्व विरघळलेल्या कणांच्या संख्येला आहे. मिठाचा प्रत्येक घटक पाण्यात फुटून त्याचे दोन कण होतात, सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक. साखरेचा रेणू मोठा आणि जड असतो आणि तो फुटतही नाही. म्हणून एक किलो मीठ जे काम करते त्यासाठी साखर जवळजवळ बारा किलो लागेल.

तरीही कुल्फीत साखर चांगलीच असते. शिवाय दुधाची स्वतःची साखर आणि क्षार असतात आणि दूध आटवल्यावर ते अधिक दाट होतात. त्यामुळे कुल्फीचे मिश्रण शून्याला गोठत नाही. ते उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठू लागते आणि घट्ट, कापता येईल अशी कुल्फी व्हायला उणे दहा-बारा अंश तरी लागतात. साधा बर्फ शून्याच्या खाली नेऊ शकत नाही. म्हणून साध्या बर्फात साचे रात्रभर ठेवले तरी दूध गार होईल, पण जमणार नाही. गिऱ्हाइकाला आवडते म्हणून साखर वाढवत गेलात तर कुल्फी मऊच राहते, त्याचे कारणही हेच. साखर वाढवली की जास्त थंडी द्यावी लागते. म्हणजेच बर्फ आणि मीठ दोन्हींचा खर्च वाढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिश्रण सावकाश गोठले तर त्यात बर्फाचे मोठे खडे धरतात आणि कुल्फी जिभेला कणीदार लागते. झपाट्याने गोठले तर खडे बारीक राहतात आणि कुल्फी मुलायम होते. म्हणून जमवताना थंडी जोरदार हवी.

किलोला किती मीठ?

आता कामाचा हिशेब पाहू. एक किलो बर्फाला वेगवेगळे मीठ घातले आणि सगळा बर्फ वितळून मीठ पूर्ण विरघळले, तर अखेरचा खडा वितळताना तापमान साधारण असे असते:

५० ग्रॅम मीठ : उणे ३ अंश
१०० ग्रॅम मीठ : उणे ६ अंश
१५० ग्रॅम मीठ : उणे ९ अंश
२०० ग्रॅम मीठ : उणे १३ अंश
२५० ग्रॅम मीठ : उणे १६ अंश
३०० ग्रॅम मीठ : उणे २१ अंश

बर्फ बराच शिल्लक असतो तेव्हा खारे पाणी थोडे आणि तीव्र असते, म्हणून सुरुवातीला थंडी यापेक्षाही जास्त मिळते. बर्फ वितळून पाणी वाढत जाते तसे ते फिके होते आणि पारा वर चढू लागतो. गाडीवर दुपारी दगडासारखी असलेली कुल्फी रात्री मऊ होते, त्यामागे हेच कारण असते.

या यादीत तीनशे ग्रॅमच्या पुढे काही लिहिलेले नाही. साधे मीठ उणे २१ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही. खाऱ्या पाण्यात मिठाचे वजनी प्रमाण २३ टक्क्यांच्या थोडे पुढे गेले की ही हद्द येते. त्याहून जास्त मीठ घातले तर ते तळाशी तसेच पडून राहते आणि पैसे वाया जातात.

यावरून दोन प्रमाणे पाठ करावीत. कुल्फी जमवताना किलोला पाव किलो मीठ. जमलेली कुल्फी गाडीवर टिकवताना किलोला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. टिकवताना जमवण्याइतके मीठ घातले तर कुल्फी गरजेपेक्षा कडक होते, बाहेरची गरमी जास्त ओढली जाते आणि बर्फ लवकर संपतो. गिऱ्हाईक कुल्फीला दात लागत नाही म्हणून तक्रार करते आणि आपण बर्फ संपला म्हणून तक्रार करतो.

दूध एक, तर बर्फ दोन

बर्फ किती घ्यावा याचाही हिशेब आहे. तीस अंशांचे एक किलो मिश्रण गार करून, गोठवून उणे बारापर्यंत न्यायला त्यातून साधारण ७० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. किलोभर बर्फ ८० किलोकॅलरी घेतो. म्हणजे कागदावर किलोला किलो बर्फ जवळजवळ पुरतो. पण मटका स्वतः गरम असतो, साचे गरम असतात, बाहेरची हवा चाळीस अंशांची असते आणि झाकण दहा वेळा उघडले जाते. म्हणून व्यवहारात एक किलो मिश्रणाला दोन किलो बर्फ धरावा. एका नगाला साठ ग्रॅम धरले तर तीनशे नगांचे मिश्रण अठरा किलो होते. त्याला छत्तीस किलो बर्फ आणि नऊ किलो मीठ हवे. टिकवण्याचा बर्फ त्याहून वेगळा.

आता त्या मुलाची पहिली चूक पाहा. मिश्रण चुलीवरून उतरवून जरा वेळाने, समजा पंचाहत्तर अंशांना, साच्यात भरले. पंचाहत्तरवरून तीसवर यायला किलोमागे सुमारे ३८ किलोकॅलरी जादा काढाव्या लागतात. म्हणजे किलोला जवळजवळ अर्धा किलो बर्फ. अठरा किलोला साडेआठ ते नऊ किलो बर्फ, आणि हे काम फुकट झाले असते! पातेले नळाच्या पाण्याच्या घंगाळात ठेवून ढवळत राहिले असते, तर तासाभरात दूध हवेइतके गार झाले असते. आदल्या दिवशीचे खारे गार पाणी पिंपात राखून ठेवले असेल तर दुसरा हात त्यात द्यावा. अशा वेळी पातेल्याचे काठ पाण्याच्या बरेच वर असावेत, खाऱ्या पाण्याचा एक थेंबही दुधात जाता कामा नये. पाणी उन्हाने मिळते, बर्फ पैशाने. जी गरमी पाण्याने जाते ती बर्फाने काढू नये.

दुसरी चूक मीठ टाकण्याची. खारे पाणी साध्या पाण्याहून जड असते. सगळे मीठ तळाला टाकले की ते तिथेच विरघळते आणि तीव्र खारे पाणी तळालाच बसते. वरच्या बर्फाला मीठ मिळतच नाही, तो शून्यालाच राहतो. म्हणून साच्यांची टोके दगड झाली आणि वरचा भाग पातळ राहिला. खरी पद्धत थरांची. तळाला चार बोटे नुसता बर्फ, मग मुठीने मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. वरच्या थरांना मीठ थोडे जास्त, कारण ते विरघळून खालीच येणार असते. मधून मधून मटका हलवावा किंवा साचे फिरवावेत.

बर्फ सुपारीएवढा फोडून घ्यावा. मोठ्या खड्यांमध्ये हवा राहते आणि हवा उष्णता नीट पोहोचवत नाही. मीठ जाडे घ्यावे. बारीक मीठ ओल लागताच गठ्ठा होऊन बसते किंवा एकदम विरघळून खाली जाते. जाडे खडे हळूहळू विरघळतात आणि बराच वेळ काम देतात. आयोडीनचा इथे काही उपयोग नाही. खाण्याचे आयोडीनयुक्त मीठ महाग पडते, साठ्याच्या कामाचे साधे जाडे मीठ पुरते. मात्र दोन्ही गोण्या वेगळ्या ठेवाव्यात, हे मीठ खाण्यात जाता कामा नये.

जमवत असताना खारे पाणी ओतून टाकू नये. ते पाणीच साच्याला चारही बाजूंनी बिलगून गरमी काढते. पातळी झाकणाच्या दोन बोटे खाली राहील इतकेच काढावे.

कुल्फी आणि कुलूप

आता तिसरा घाव, खारट कुल्फी. कुल्फी हा शब्द फारसी 'कुल्फ'वरून आला आणि आपल्या मराठीतील 'कुलूप'ही त्याच घरचा. साच्याचे तोंड कणकेने बंद करायची रीत आहे, ती या नावाला साजेशीच आहे. कणीक नीट बसली नाही, की साच्याचा सांधा उसवलेला असेल, की खारे पाणी आत शिरते. असे दूध चवीला बिघडतेच, शिवाय मीठ आत गेल्याने ते जमतही नाही.

साचा तपासणे सोपे आहे. त्यात पाणी भरून कोरड्या कागदावर अर्धा तास उभा ठेवावा. कागद ओला झाला तर साचा बाजूला काढावा. साचे बनवणाऱ्या आणि डाग देणाऱ्या आमच्या पत्राकाम कारागिरांना एक विनंती आहे. खाण्याच्या भांड्याला शिसे असलेला डाग देऊ नका. शिसे विष आहे आणि कुल्फी खाणाऱ्यांत लहान मुले जास्त असतात. बिनशिशाचा डाग बाजारात मिळतो. खारे पाणी ॲल्युमिनियमला बारीक भोके पाडते आणि लोखंड गंजवते. म्हणून रोज रात्री साचे, टोचा आणि गाडीचा पत्रा गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवावा.

आणखी एक सावधगिरी. मीठ-बर्फाच्या पाण्यात उघडा हात फार वेळ ठेवू नये. उणे पंधरा अंशांचे पाणी कातडी भाजल्यासारखी जाळते आणि हात बधिर झाल्याने ते लगेच कळत नाही. साचे काढायला चिमटा किंवा रबरी हातमोजा वापरावा. शागीर्द लहान असेल तर हे काम उस्तादानेच करावे.

अकबराच्या आबदारखान्यात

हे ज्ञान आजचे नाही. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्याचे वर्णन आहे. तेथे पाणी गार करायला शोरा वापरत. पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकायचा आणि त्यात एक शेर पिण्याच्या पाण्याचे बंद धातूचे भांडे घटकाभर हलवत राहायचे. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातून बर्फ येऊ लागला.

शोऱ्याची तऱ्हा मिठापेक्षा वेगळी आहे. शोरा पाण्यात विरघळतानाच खूप उष्णता ओढतो, किलोला जवळपास ८० किलोकॅलरी, म्हणजे बर्फाइतकी. तेथे बर्फ नसला तरी चालते. मीठ मात्र बर्फाशिवाय काहीच करू शकत नाही. साध्या पाण्यात मीठ टाकून कोणी कुल्फी जमवून दाखवावी!

युरोपात फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपल्या तापमापकाचा शून्य ठरवला, तो बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणावर. हा नवसागर म्हणजे आमच्या कल्हईवाल्यांच्या पेटीतलाच. मीठ दुप्पट केले की गोठणबिंदू साधारण दुपटीने खाली जातो, हे चार्ल्स ब्लॅगडेन यांनी १७८८ मध्ये मोजून मांडले. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्सच्या राऊल्ट यांनी, महत्त्व पदार्थाच्या कणांच्या संख्येला आहे, हे दाखवून दिले. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये हाताने फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडे लग्नाकार्यात फिरणारा आइस्क्रीमचा पॉट हा त्याच यंत्राचा वंशज. आत डबा, बाहेर लाकडी पिंप आणि मध्ये बर्फ-मीठ.

बर्फ कारखान्यात उलटा खेळ

बर्फाच्या कारखान्यातही मीठच काम करते, पण तेथे ते बर्फ वितळवत नाही. मोठ्या टाकीत खारे पाणी भरलेले असते. अमोनियाचे यंत्र ते उणे दहा अंशांच्या आसपास गार करते आणि मीठ असल्यामुळे ते गोठत नाही, वाहते राहते. त्यात गोड्या पाण्याचे लोखंडी डबे बुडवलेले असतात. डब्यातील पाण्यात मीठ नाही, ते गोठते आणि लादी तयार होते. अकरा इंच जाडीची लादी उणे दहाच्या पाण्यात गोठायला दोन दिवसांच्या आसपास वेळ घेते. म्हणून सणासुदीला आणि लग्नसराईत लादीची मागणी दोन दिवस आधी नोंदवावी, ऐनवेळी कारखानदारही काही करू शकत नाही.

टाकीतील खारे पाणी फिके झाले तर ते नळ्यांवर गोठू लागते आणि उत्पादन घटते. म्हणून कारखान्यात त्याची घनता मोजत राहतात. फार खालचे तापमान हवे असेल तेथे कॅल्शियम क्लोराइड वापरतात, ते साध्या मिठाच्या खूप खालपर्यंत गोठत नाही. आइस कँडीच्या छोट्या यंत्रांतही खाऱ्या पाण्याची टाकी असते आणि तेथेही हाच नियम लागतो.

लादी विकत घेताना मधला भाग पाहावा. पाणी कडेने गोठत आत येते. बर्फ क्षारांना आत घेत नाही, ते मधे ढकलतो. म्हणून मधला गाभा पांढरट आणि क्षारांनी भरलेला राहतो. चांगले कारखानदार गोठत आलेल्या लादीतील मधले पाणी उपसून नवे भरतात. लादी खारट लागली आणि मधून कच्ची निघाली, तर डबा गळका आहे असे समजावे. त्यात टाकीचे खारे पाणी शिरलेले असते.

खाण्याचा बर्फ आणि इतर बर्फ यांत फरक करावा. खाण्यालायक नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये केला. साच्याबाहेर वापरला तरी कुल्फीवाल्याने खाण्याच्या पाण्याचाच बर्फ घ्यावा, कारण तोच हात कुल्फीला लागतो. मटक्यातला खारा बर्फ सरबतात किंवा गोळ्यात कधीही जाऊ देऊ नये.

मासळीवाल्यांनी मीठ टाळावे

आता उलट सल्ला. रत्नागिरी, हर्णै, दाभोळ या बंदरांवर आणि मुंबईच्या ससून डॉकवर आमचे कितीतरी बांधव मासळीच्या व्यापारात आहेत. पेटीतील बर्फ जास्त थंड व्हावा म्हणून काही जण त्यावर मीठ टाकतात. ताज्या मासळीच्या बाबतीत हा तोटा आहे.

मासळीचे मांस उणे एक-दोन अंशांच्या आसपास गोठू लागते. पेटीत मीठ टाकले की बाहेरची मासळी अर्धवट आणि सावकाश गोठते. सावकाश गोठल्याने मांसात मोठे खडे धरतात आणि तंतू फुटतात. पेटी उघडून मासळी वितळली की पाणी सुटते, वजन घटते आणि मांस लिबलिबीत होते. शिवाय मीठ टाकल्याने बर्फ लवकर संपतो आणि लांबच्या प्रवासात उरलेले अंतर माल बिनबर्फाचा राहतो. सुरमई असो की पापलेट, ताज्या मालाला शून्य अंश हीच योग्य थंडी, आणि साधा वितळणारा बर्फ ती अगदी बिनचूक देतो. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बारीक फोडलेला बर्फ, थरावर थर, आणि खालून पाणी निघून जायला वाट, एवढे पुरे.

मापाचा धंदा

आज अनेकांनी गाडीवर डीप फ्रीझर घेतले आहेत. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावा. पण वीज जाते, हप्ते भरावे लागतात आणि मांडवात, जत्रेत, उरुसात वीज मिळेलच असे नसते. मटका, बर्फ आणि मीठ यांना विजेची गरज नाही. त्यांना गरज आहे ती मापाची. एक तराजू आणि उणे वीसपर्यंत दाखवणारा एक साधा तापमापक, एवढीच गुंतवणूक. मटक्यातला तापमापक उणे बारा-पंधरा दाखवत असेल तर काम बरोबर चालले आहे. तो वर चढू लागला तर आधी बर्फ पाहावा. बर्फ शिल्लक असेल तर मीठ घालावे. बर्फ संपत आला असेल तर मीठ घालून काही होत नाही, बर्फच घालावा लागतो. इतके कळले तरी हंगामात बरीच नुकसानी वाचेल.

शिल्लक खारे पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नये, झाडे मरतात. उन्हाळ्यात पसरट भांड्यात वाळवले तर मीठ परत मिळते आणि ते पुन्हा मटक्यातच कामाला येते.

त्या मुलाने पुढच्या वेळी काय केले? दूध दुपारीच आटवून गार केले. बर्फ आणि मीठ तराजूवर मोजून घेतले, थर उस्तादांनी सांगितले तसे लावले आणि प्रत्येक साचा कागदावर तपासला. मोठी ऑर्डर लगेच मिळाली नाही, गमावलेले नाव एका दिवसात परत येत नसते. पण गाडीवरची कुल्फी रात्री अकरा वाजताही घट्ट राहू लागली आणि जुने गिऱ्हाईक परतू लागले. वडील बरे होऊन गाडीवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बाजूला ठेवलेला तराजू पाहिला आणि विचारले, "हा कशाला?"

मुलगा म्हणाला, "अब्बा, तुमच्या हाताला जे माप ठाऊक आहे, ते मला यावर पाहावे लागते."